किल्ली देताना

ओनेझिम, फाटक आधी जरा उचल, मग किल्ली फिरव.
बिजागरी कुरकुरते, कुरकुरू दे.
तेल घातलं की मुंग्या येतात,
मुंग्यांच्या मागून पिठ्या ढेकूण.

हे बघ, हेच ते.
एवढंसंच? असं म्हणू नकोस, सगळे तेच म्हणतात.
पोर्ट मातुरँहून साहेब आले होते कॅमेरा घेऊन,
त्यांनी आधी शेजारच्या मिरचीचा फोटो काढला.
तळहाताच्या फोडासारखं जपा, म्हणाले जाताना.

फोडाला कुणी हात लावत नाही.
याला रोज लावावा लागतो,
पानांच्या पाठी, खोडाच्या बेचक्यात,
दात घासायचा जुना ब्रश, साबणाचं पाणी
आणि माझा चष्मा.
चष्मा मात्र मी घेऊन जाणार.

नळाला पाणी बाराव्या दिवशी, कधी सतराव्या.
निळं पिंप याचं. त्यातलं तोंडावरही मारायचं नाही.
एका डिसेंबरात पिंप तळाला गेलं,
तेव्हा तांदूळ धुतलेलं पाणी याला दिलं
आणि माझी तहान मी शेजारणीकडे भागवली.
ऑक्टोपस धुतलेलं चुकूनही नको, खारट असतं.
ओहोटीवरून आलास तर हात धू, मग आत ये.
कोपरापर्यंत. कोपरापर्यंत म्हटलं.

रविवारी सकाळी फेलिस्याँ येईल फाटकाशी,
डोळे तांबडे, आवाज गोड.
एक पान दे म्हणेल, काल जरा जास्त झाली.
त्याच्या आजोबांनी पान नेलं, पणज्यांनी डहाळी,
त्यांच्याही आधी कुणीतरी मुळी.
त्याला लिंबू दे. लिंबं मागच्या अंगाला आहेत.

आपण याला कॅफे मारों म्हणतो. कॉफी याची कुणी पीत नाही.
मारों म्हणजे पळालेला,
साखळी तोडून रात्रीतून डोंगरात शिरलेला माणूस.
हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही.
आईकडून मिळालेली शिवी होती ती,
अर्थ मी फार उशिरा लावला.

आता खाली वाक. हे पान
तपकिरी, अरुंद, वाळल्या सुतळीसारखं.
मेलं समजून खुडू नकोस.
लपलंय ते.
रॉड्रिग्जवर कासवं होती म्हणे,
पाठीवर पोर बसेल एवढी,
मान लांबवून कोवळं हिरवं खाणारी.
जहाजांनी ती उलटी रचून नेली, जिवंतच.
सगळी संपली. याला कुणी कळवलं नाही.

माझा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली,
मी अजून पैसे तांदळाच्या डब्यात ठेवते, तळाशी.
म्हणून मी याला हसत नाही.

फूल येईल, पांढरं.
सगळ्यात बारीक कुंचल्याने पराग उचलायचा,
दुसऱ्या फुलात ठेवायचा,
श्वास बाजूला सोडायचा.
सहा वर्षं करतेय.
एकदा धरलं होतं काहीतरी, वाटाण्याएवढं.
मग वादळ आलं. जाळीवर दोर, दोरावर दगड,
दगडावर मी, अख्खी रात्र.
उजाडल्यावर जमीन चाचपली,
कोंबड्या आधी पोचल्या होत्या.
वहीत ते नाही. शोधू नकोस.

तुझ्या छातीपर्यंत वाढलं
की पान एकदम बदलतं,
रुंद होतं, हिरवं होतं, उघड्यावर येतं,
कासवाची मान इथवर पोचत नाही
हे जणू त्याचं त्यालाच कळतं.
तेव्हा मी पोर्ट लुईला असेन, मुलीकडे, चौथ्या मजल्यावर.
तिथे कुंडीसुद्धा ठेवू देत नाहीत.

फोन करू नकोस, मला बोलता येणार नाही.
फोटो पाठव.
शेजारी तुझा हात धर,
म्हणजे पान केवढं ते समजेल.
आणि नखं काप त्याआधी.