शाळेला कळवलंय

सकाळी सातला शाळेच्या मशीनला सांगितलं,
ऊर्जितला ताप आहे.
आवाज थोडा खाली आणून,
ताप मलाच असल्यासारखा.

शनिवारपासून हीच कॅरॅव्हॅन तिप्पट भाड्याची.
दंड भरूनही आपणच फायद्यात,
हे नवऱ्यानं स्विंडन ते वेस्टन
तीनदा मांडून दाखवलं.

पोचलो, तर ओहोटी.
पार क्षितिजापर्यंत चिखल,
आणि गिऱ्हाईक नसलेलं एक गाढव.

सव्वानऊ.
तिकडे हजेरी चालू असेल.

ऊर्जितनं कठड्यावर हनुवटी टेकली.
मग स्वतःच्या कपाळावर हात ठेवून पाहिला,
नीट, दोनदा.
"समुद्रालापण ताप आलाय?"

"हो," म्हणाले,
"त्याच्या आईनं फोन केलाय."

नवरा हसला.
ऊर्जित नाही.