आवृत्ती १.०.७

हडर्सफील्डमध्ये शनिवारी रात्री साडेनऊला
बिल्ड लाल झालं.
मी कणीक मळत होते. हात तसेच,
करंगळीनं लॅपटॉप उघडला.
लॉगमध्ये चारशे ओळी, त्यातली खरी एकच:
या नावाचं पॅकेज सापडत नाही.
काल होतं. सहा वर्षं होतं.

आमचं काम बसच्या वेळा सांगायचं.
मार्सडेनला जाणारी शेवटची कधी,
इस्पितळात पाळी बदलते तेव्हाची पहिली कधी,
थांब्याथांब्यावरच्या त्या पिवळ्या अक्षरांच्या पाट्या.
आणि उद्या ऑक्टोबरचा शेवटचा रविवार,
म्हणजे आज रात्री दोन वाजले की
या देशात पुन्हा एक वाजणार.

मी वंशावळ उघडली.
आम्ही ज्याच्या भरवशावर, तो ज्याच्या, तो आणखी ज्याच्या,
नणंदेच्या जावेचं माहेर शोधत जावं तशी
अकराव्या पायरीला पोचले.
तिथे बासष्ट ओळी.
जो तास दोनदा येतो
त्यातला पहिला कुठला नि दुसरा कुठला
एवढंच त्या सांगत.
कर्ता: ॲल्विन मर्गट्रॉइड, टॉडमॉर्डन.
हे नाव मी जन्मात पहिल्यांदा वाचलं.
सहा वर्षं त्याच्या जिवावर पगार घेत होते.

झीशान फोनवर म्हणाला, दुसरं काहीतरी जोडू,
दोन तासांचं तर काम.
मी म्हटलं, थांब जरा.

परवान्याच्या फाइलखाली फोन नंबर होता.
परवान्याखाली कुणी नंबर देतं?
हा देत होता, तोही घरचा.
दहा वाजत आलेले, कुणाच्या घरी फोन करायची ही वेळ नव्हे.
मुलीनं उचलला.
"डॅड मार्चमध्ये गेले. मी एकेक खातं बंद करतेय,
बँक, गॅस, ग्रंथालय.
तेही यादीत असेल.
महत्त्वाचं नव्हतं ना काही?"
"थोडं होतं," मी म्हटलं.
मग बराच वेळ पलीकडून
किटली तापल्याचा आवाज येत राहिला.

समोरच्या हरजिंदरकडून मी अकरा वर्षांपूर्वी
वाटीभर विरजण आणलं होतं.
गेल्या हिवाळ्यात तिचं नासलं,
तर ती माझ्याकडून घेऊन गेली,
आणि दारातून म्हणाली, तुझं दही छान लागतं गं.

आमच्या जुन्या सर्व्हरवर,
जो जानेवारीत बंद करायचा ठरला होता
आणि निव्वळ आळसानं राहून गेला,
एक प्रत निघाली.
चेकसम लावला. चौसष्ट अक्षरं
लॉकफाइलमधल्या चौसष्ट अक्षरांशी ताडली.
यंत्र क्षणात सांगतं, तरी मी बोट ठेवून वाचली,
तांदळातला खडा शोधावा तशी.
जुळली.

"आता आपल्या नावावर चढव," झीशान म्हणाला.
प्रसिद्ध करायच्या पानावर कर्त्याचा रकाना,
त्यावर माझं बोट, वाळलेल्या कणकेचं.
कर्ता तोच ठेवला. टॉडमॉर्डनही.
खाली 'सांभाळ' असा एक रकाना असतो,
तिथे माझं नाव.
आवृत्ती १.०.७, एक स्वल्पविरामही न हलवता.

पावणेबाराला हिरवं झालं.
कणकेवर तोवर साय धरली होती, टाकून दिली.
झीशान झोपला. मला झोपायचं नव्हतं.

खिडकीतून आमच्या कोपऱ्यावरचा थांबा दिसतो.
बाकाखाली एक कोल्हा चिप्सचा कागद चाटत होता.
पाटीवर १:५९.
पहिली बस पाच तास एकवीस मिनिटांनी.
मग १:००.
पाच तास वीस.

कोल्ह्यानं वरसुद्धा पाहिलं नाही.