हिच्या साडीचा काठ

हजार बिड्या मोजून दिल्या, साठ छाट निघाल्या,
आणि मुनीमानं वरून एक सुरळी दिली,
रबर लावलेली. गड्ड्याचे पाळणे उभे राहत होते तेव्हा.

घरी उलगडली तर बाई.
कमरेवर घागर, गाल असे
की आत्ताच कुणी तेलाच्या बोटानं पुसलेत.
मागं तळं, कमळं, हरीण.
धाकटा म्हणाला, कमळं कंबर तलावाची असतील,
हरीण कुठलं?

अम्मानं कात्री खाली ठेवली नाही.
पान कापता कापता वर पाहिलं:
"रिकामी आहे घागर.
चौथ्या दिवशी नळ येतो तेव्हा या म्हणावं,
मग बघू कंबर."

नायना पाळीवरून आले, कानात अजून मागाचा आवाज,
म्हणून मोठ्यानं बोलायचे.
चष्मा पुसून नाक काठाला लावलं.
आम्हाला वाटलं, बाई बघतायत.
"ही कोयरी इथं डावीकडं वळते,
निरीत गेली की उजवीकडं.
पत्ते कुणी ओवले हिचे?
असा काठ कुठल्याच मागावर निघत नाही!"
बालमणी शेजारून हसली. अम्मा नाही हसली.

मग वर्षभर बाईच्या पायाखाली
दुधाच्या फुल्या,
पान न मिळालेल्या दिवसांची भोकं,
अक्काला बघायला आले ती तारीख,
आणि ती खोडलेली.
ती तळ्याकडेच बघत राहिली.

जूनमध्ये पुस्तकांना कव्हरं घातली.
इतिहासाला तळं, गणिताला हरीण,
तोंड माझ्या भूगोलावर, उलटं.
घागरीचा तुकडा उरला
तो अम्मानं खळ लावून सुपाच्या फाटक्या बुडाला डकवला.
वर तंबाखू ओतली.
म्हणाली, "आता भरली."

नायनांनी मात्र त्याआधीच
चौकटीच्या कागदावर काठ उतरवून घेतला होता.
बंद पडलेल्या आठवड्यात, शिसपेनीनं,
एकेक घर भरत,
कोयरी एकाच बाजूला वळवून.
शेठनं बघितला. चादरीला कोण लावतं साडीचा काठ, म्हणाला.

तो कागद आहे माझ्याकडं.
कोपऱ्यात तेलगूत आकडे, एक चहाचा डाग.
बाई कुठंच नाही.
घडी मोडली तर फाटेल म्हणून
मी तो उघडाच ठेवते.