सातवी बरगडी

मिलानमधल्या तळघरात खोका आला
तो संत्र्यांचा होता.
वर बागेचं नाव, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली
कोसिमोची छाती.

दंडाधिकाऱ्याच्या पत्रात एकच ओळ:
भोक रानडुकराच्या सुळ्याचं असू शकतं, दरीत पडल्याचंही.
असू काय, काहीही शकतं.

ओर्नेल्लाने सातवी बरगडी नाकाशी नेली.
वाईनचा वास.

"धुतलं कोणी हे?"
बाहेर बाकावर बहीण, इम्माकोलाता,
कालाब्रियाहून रात्रभर गाडीत बसून आलेली,
मांडीवर पिशवी, पिशवीत चीजचा गोळा, इथल्या साहेबांसाठी.
"मीच. अकरा हिवाळे ओकखाली पडला होता.
तसाच मळका कसा पाठवू?"

ओर्नेल्ला गप्प राहिली.
माती हीच साक्ष असते, हे तोंडावर आलेलं तिने गिळलं.
छपरावर तिचा एक पिंजरा आहे.
त्यात वासराच्या बरगड्या, गोळ्या तिनेच झाडलेल्या,
बारीक जाळी, कावळे नकोत म्हणून.
दर महिन्याला ती कण मोजते.
पहिल्या दिवशी मोजदादच नव्हती.
अळ्या जेवून गेल्यावर काही शेकडा.
चौथ्या वर्षी नऊ.
ऊन, पाऊस, बर्फ, माश्या, सगळ्यांचा हिशेब वहीत आहे.
मायेने फिरवलेल्या हाताचा
रकाना तिने आखलेला नव्हता.

भोकाची कड. तिच्या आत हाडाची जाळी,
शिळ्या पावासारखी सच्छिद्र.
चार तास पडद्यावर नुसतं राखाडी:
चुना, वाळू, कुठल्याशा फुलाचा पराग.
चहा गार झाला.
मग एका छिद्राच्या तळाशी
पांढरा ठिपका. गोल.
वितळून, हवेतच थिजलेला थेंब असतो तसा गोल.
यंत्राने तीन सुळके काढले:
शिसं.
बेरियम.
अँटिमनी, म्हणजे सुरमा,
एके काळी डोळ्यांत घालायचे तो.

शेजारच्या छिद्रात आणखी दोन.

"गोळीच आहे," ती बाहेर येऊन म्हणाली.
"वाईन तिथवर पोचली नाही."
इम्माकोलाताने पहिल्यांदा पिशवी खाली ठेवली.

"लांबून?"
"लांबून असती तर हे कण पोचलेच नसते."
"म्हणजे केवढ्यावरून?"
ओर्नेल्लाने हात पुढे केला,
दोघींमधलं अंतर जवळजवळ भरून गेलं.

बहीण त्या हाताकडे बघत राहिली.
"आमचे कुत्रे परक्याला
कुंपणाशीही येऊ देत नसत," ती म्हणाली. "त्या दिवशी भुंकले नाहीत."

बराच वेळ बाकावर कोणी बोललं नाही.
मग तिने विचारलं,
झाडणाऱ्याच्या हाताला हे किती दिवस राहतं?

"दिवस नाही. काही तास.
हात धुतला, खिशात घातला, की गेलं."

दर रविवारी चर्चमध्ये
शांती असो म्हणत
ओळीने सगळ्यांचे हात हातात घेते ती,
अकरा वर्षं.

चीजचा गोळा बाकावर राहिला.