पंचवीसचा ठोकळा

पेटी उघडली तेव्हा आधी वास आला,
शिळ्या व्हॅसलिनचा, ओल्या मखमलीचा,
आणि पोलाद आजारी पडलं की त्याला येतो, तो.
नार्वाच्या रविवारच्या बाजारात
रबरी बूट आणि समोवारांच्या तोट्यांमध्ये पडली होती.
विकणारा म्हणाला, 'डॉमिनो आहे, बारा युरो.
सोंगट्या थोड्या कमी आहेत.'

ताइसिया म्हणाली, 'आणखी लोखंड?'
मी म्हटलं, लोखंड नाही गं. ही लांबी आहे.
ती भांडी घासत राहिली.

कप्पे एकशे बारा, ठोकळे एकशे सात.
झाकणाच्या आत शिक्का आमच्याच कारखान्याचा,
जिथे आता कुणी टायर साठवतं.

आधी पेट्रोल, मग स्पिरिट, मग मऊ चामडं.
मग तो पांढरा सपाट दगड.
ठोकळा त्यावर नुसता ठेवायचा, दाबायचं नाही,
त्याच्याच वजनाने मागे-पुढे जाऊ द्यायचं.
कडेला उंचवटा असेल तर आवाज येतो,
भातात खडा लागल्यासारखा.
आवाज बारीक होतो. मग येतच नाही.
दगड उंचवटे काढतो.
खड्ड्यांचं त्याला काही करता येत नाही.

बाहेर उणे चौदा, नदीपलीकडचा किल्ला धुक्यात.
मागच्या खोलीत वीस अंश हवेत म्हणून
मी हीटर दोनदा बंद केला,
ताइसियाने तीनदा लावला.
हाताळलेला ठोकळा बिडाच्या पाट्यावर ठेवून
तासभर थांबायचं,
त्याने माझ्या बोटांची ऊब विसरेपर्यंत.
पंचवीस मिलिमीटर, एक अंश जास्त,
की मायक्रॉनच्या चौथ्या भागाहून किंचित मोठा होतो.
एवढं अजून पाठ आहे.
औषधाच्या वेळा ताइसियाला पाठ आहेत.

रिम्मा गेओर्गियेव्ना म्हणायची,
'उघड्या हाताने शिवलास तर बोटं तोडीन.'
मापनखोलीत दोरीवर तिचे पांढरे हातमोजे
तान्ह्याच्या झबल्यांसारखे वाळत असायचे.
लोक म्हणतात, तसूभरही चूक नाही;
तिच्यापुढे तसू ही शिवी होती.
एकोणीस वर्षं तिच्या हाताखाली काढली,
शाबासकी एकदा मिळाली,
तीही चुकून, दुसऱ्या गेन्नादीची.

पंचवीसचा ठोकळा शेवटी घेतला.
तपकिरी पाणी निघालं,
आणि खाली ठसा.
अंगठ्याचा. डाव्या.
घामाने पोलाद खात खात वळ्या उठवलेल्या,
आणि त्या वळ्यांना आडवी छेदत
एक तिरकी, न गंजलेली, चकचकीत रेघ.

ती रेघ मी ओळखतो.
आखणीची सुई तिच्या अंगठ्यात मोडली होती
तेव्हा चिंधी मी बांधली होती,
आणि चिंधी तेलकट आहे म्हणून शिव्याही मीच खाल्ल्या होत्या.

कधी लागला असेल हा?
कुलूप लावायला माणसं आली त्या दिवशी?
की त्याआधीच कधी, सगळे जेवायला गेले असताना,
मोजा काढून, नुसतंच?
विचारायला ती नाही.
ती गेली तेव्हा मी कोत्काच्या गोदीत होतो,
आणि पत्र तीन आठवड्यांनी आलं.

रस्त्यावरच्या जुन्या दिव्याचा सोडियमचा बल्ब लावला,
वर काचेची चकती ठेवली.
पिवळ्या-काळ्या पट्ट्या
ठशाच्या अलीकडे सरळ, पलीकडे सरळ,
मध्ये थोड्या तुटलेल्या.
घासून ठसा जाईल, पण मग तो पंचवीस राहणार नाही.
मी दगड पुसून ठेवला.

मग दहाचा घेतला, आडवा टेकवला, सरकवत फिरवला.
धरले एकमेकांना.
उचलून दाखवले तर ताइसिया म्हणाली, 'डिंक?'
नाही.
'लोहचुंबक?'
नाही.
'आण बघू,' म्हणून तिने हात पुढे केला
आणि माझ्या तोंडून, माझा नसलेल्या आवाजात, निघालं,
'मोजे!'

ती गेली,
आणि भांड्यांचे गुलाबी रबरी मोजे घालून आली,
कोपरापर्यंत साबण ठिबकत.