शिट्टीपुरती फट

बर्तालन बेके, वय एकसष्ट, खुर्चीत टेकले
तेव्हा त्यांच्या कोटाला कबुतरखान्याचा वास होता.
'शनिवारी लेकीचं लग्न,' ओठ जेमतेम हलवत म्हणाले,
'फोटोग्राफर सांगतो, हसा.'

मग उघडलं तोंड.
वरचा डावा मधला दात, त्याच्या कोपऱ्याला खाच,
त्रिकोणी, घासून घासून गुळगुळीत:
चाळीस वर्षं तिसा नदीकाठच्या बाकावर
सूर्यफुलाच्या बिया फोडल्याची.
आमच्या सेगेदमध्ये फुटबॉल बघणारं तोंड
मी अंधारातही ओळखीन.

पर्याय सांगितले, सांगायचेच असतात.
व्हिनियर: सुंदर, महाग, पण त्यासाठी
चांगला दात पुढून तासावा लागतो,
आणि तासलेलं परत उगवत नाही.
कॅप म्हणजे माशीवर तोफ.
बाँडिंग: एका बैठकीत, सुई नाही,
पाच-सात वर्षं टिकेल, कॉफीनं पिवळं पडेल,
बिया फोडल्यात तर त्याच दिवशी हातात येईल.
'आणि काहीच न करणं?'
हा पर्याय मी शेवटी सांगते, हळू आवाजात;
त्यावर दवाखान्याचं भाडं निघत नाही.

रंग आधी ठरवायचा, दात ओला असेतो.
तोंड उघडं राहिलं की दात वाळतो
आणि आहे त्याहून पांढरं बोलू लागतो.
कींगानं खिडकीपाशी नमुन्यांची पट्टी धरली.
पांढऱ्याला सोळा नावं.
पहिला, लग्नपत्रिकेचा. नको.
ए-थ्री: जुन्या पियानोची पट्टी,
दिवसाला तीन कॉफ्या, सुटलेली सिगारेट.
'हा मीच,' ते म्हणाले.

निळं आम्ल. पंधरा आकडे. धुतलं.
वाळवल्यावर कडेला धुरकट उमटलं,
थंडीत काचेवर उमटतं तसं.
धरायला थोडं खरबरीत लागतं,
गुळगुळीतावर काही चिकटत नाही
(मी दातांबद्दलच बोलतेय).
थर. निळा उजेड, वीस सेकंद. थर.
तेवढा वेळ मी श्वास घेत नाही.
नवऱ्यानं एकदा दारातून पाहिलं, म्हणाला,
माझ्याकडे कधी बघितलंस असं?

आरसा दिला. कोपरा जागेवर.
सांधा मलाही सापडेना.
ते हसले, शनिवारसारखे.
मग ओठ आवळले, दाताला जीभ लावली.
फस्स.
पुन्हा. फस्स. सायकलच्या ट्यूबमधली हवा.
'चौतीस कबुतरं आहेत,' आरशाकडे बघतच म्हणाले,
'ती मला चेहऱ्यानं ओळखत नाहीत.'

फॉर्मवर मी रक्तदाब विचारते,
ॲलर्जी, हृदय, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या.
शिट्टी वाजवता का, हा रकाना नाही.

चकती लावली. केसभर घासलं. फस्स.
आणखी केसभर. हवेला धार आली, सूर नाही.
कींगा घड्याळाकडे बघत होती.
वीस मिनिटांपूर्वी मी जे जीव ओतून बुजवलं
ते आता कणाकणानं परत उघडत होते,
आणि गंमत म्हणजे हात थरथरत नव्हता.
पाचव्यांदा
बाहेर पिरोश्का नेनींच्या मांडीवरचं कुत्रं
उडी मारून आलं
आणि आमच्या दारावर नखं घासू लागलं.

फोटोत दिसणार नाही, नखही शिरणार नाही,
हवा तेवढी जाईल, अशी फट.
खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे,
ही म्हण हत्तीची.
बोलावून घ्यायचे दात तिला ठाऊक नाहीत.

काउंटरवर त्यांनी खिशातून पाकीट काढलं.
त्याच्यासोबत चार-पाच बिया
टपटप फरशीवर.
मी पाहिल्या. त्यांनी पाहिलं की मी पाहिल्या.
'लग्नानंतर,' म्हणाले ते.