डावा, दोनशे एकतीस ग्रॅम

मंगळवारच्या फेरीबोटीने खोकं आलं,
लोणी, टायर आणि शाळेच्या खुर्च्यांच्या सोबतीने.
झाकणावर एकच शब्द, ठसठशीत: जोर.

मी आधी बूट पायात घातले नाहीत.
कारखान्यात नेले, जेवणाच्या सुट्टीत
सामन मासा तोलायच्या काट्यावर ठेवले.
डावा दोनशे एकतीस, उजवा दोनशे चौतीस.
तुम्मस म्हणाला, उजव्यात तीन ग्रॅम जोर जास्त दिसतो.
मी डावखुरा.
सगळी रांग हसली, हातमोजे लाल, सुऱ्या वर धरलेल्या.

बुटाच्या माथ्यावर रबराचे पट्टे आहेत
आडवे, एकाखाली एक, थेट कल्ल्यांसारखे.
दिवसभर कल्ले कापायचे
आणि घरी येऊन पायात तेच बांधायचे.
बोट फिरवलं तर अडकतं.
चेंडूही अडकणार, आणि मग सुटणार,
असं आतल्या कागदावर चार भाषांत लिहिलंय,
आमच्या भाषेत नाही.

छत्तीसावं वर्ष, एक शिवलेला गुडघा,
तिसऱ्या डिव्हिजनचा डावा बॅक.
मागवताना यातलं कुणी काही विचारलं नाही.
फक्त नंबर विचारला. बेचाळीस.

फेरो बेटांवर गवत काय, डोंगरभर आहे.
मैदान तेवढं प्लास्टिकचं,
तीन बाजूंना समुद्र, चौथीकडे मेंढ्या.
रान्वा गोलमध्ये उभी राहिली,
आईचे लोकरी मोजे हातात चढवून.
हळू मारू नकोस हं, म्हणाली.
अकराची आहे. लगेच ओळखते कुणी हळू मारलं की.

पहिला फटका कॉर्नरच्या झेंड्याला भेटून आला.
दुसऱ्याला टाच चावली. मी लेस सोडली,
पुन्हा बांधली, उगाच आकाशाकडे बघितलं.
तिसरा.
तिसऱ्याचं नीट सांगता येत नाही.
पायाला काही लागलंच नाही.
आवाज मात्र आला,
जड दार कुणीतरी आतून ओढून घ्यावं तसा,
आणि रान्वाने हात नाही, मान वर केली.
जाळीवरून, कुंपणावरून,
मग वाऱ्याने तो आपलाच समजून नेला.
एक मेंढी चरायची थांबली.

नारिंगी ठिपका, लाटेआड जाणारा, येणारा.

चेंडू आणायचं काम हानुसचं.
सामन्याच्या दिवशी तो होडीत रेडिओ लावून बसतो
आणि एका सामन्यात चारचार चेंडू जाळ्याने काढतो.
पण आज गुरुवार, हानुस मोठ्या बेटावर,
दात काढायला गेलेला.
म्हणजे मीच. बूट न काढता,
धक्क्याच्या दगडांवर खडक् खडक्,
मागून रान्वा, पाणी उपसायचा डबा घेऊन.

वल्ह्याचा जोर पाठीतून येतो असं बाबा म्हणायचे,
पाय नुसते फळीला टेकायचे.
मी टेकले. स्टड लाकडात रुतले,
आणि खरं सांगतो, आयुष्यात कधी
इतकं खोल वल्हं ओढलं नव्हतं.
होडी भिरभिरलीच. रान्वा ओरडली,
बाबा, बूट चालतायत!

चेंडू तिनेच उचलला, पोटाशी धरला.
तिथून गोल अगदी काडेपेटीएवढा दिसत होता.
आपण इतक्या लांब मारला? तिने विचारलं.
‘आपण’ म्हणाली.
मी वाऱ्याचं नाव घेणार होतो.
घेतलं नाही.

रात्री बुटांत वर्तमानपत्र कोंबलं, हीटरपाशी ठेवले.
सकाळी कल्ल्यांच्या कडेने मिठाची पांढरी रेघ.
शुक्रवारी पुन्हा काट्यावर:
डावा दोनशे अठ्ठ्याऐंशी.
तुम्मसने आकडा वाचला,
सुरी एप्रनला पुसली,
काट्यावर टकटक करून पुन्हा वाचला.
समुद्रालाही संघात घेतलंस का, म्हणाला,
आणि पुढचा मासा ओढला.